फावल्या वेळचा खेळाडू आणि निष्ठेचा व्यापार

गिऱ्हाईक एकनिष्ठ राहत नाही, ही व्यापाऱ्याची तक्रार जुनी आहे. लातूरच्या गंजगोलाईतला कापड दुकानदार ती करतो, नांदेडच्या वजिराबादेतला किराणा व्यापारी करतो आणि जपान-अमेरिकेतील अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्याही करतात. फरक इतकाच, की दुकानदार तक्रार करून पुन्हा आपल्या गादीवर बसतो. कंपन्या मात्र त्या तक्रारीचे शास्त्र बनवतात आणि ग्राहकाच्या निष्ठेला बाजारभाव लावतात. व्हिडिओ गेमची यंत्रे तयार करणाऱ्या कंपन्यांनी गेल्या वीस वर्षांत ही तक्रार विशेष आग्रहाने केलेली दिसते. तिची तपासणी मराठवाड्यातून करावी, असे म्हटल्यास प्रथमदर्शनी कोणालाही नवल वाटेल. परंतु जो प्रश्न मुख्य बाजारपेठेत उभे राहून नीट दिसत नाही, तो पुष्कळदा बाजारपेठेच्या काठावर उभे राहिल्यास स्वच्छ दिसतो.

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. मराठवाड्यातील घरांत त्याला 'टीव्ही गेम' किंवा नुसते 'व्हिडिओ गेम' असे नाव होते. या यंत्रांचा जागतिक व्यापार आज प्रामुख्याने सोनी, निन्टेंडो आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांच्या हाती आहे. खेळणाऱ्यांची त्यांनी ढोबळ दोन वर्गांत विभागणी केली आहे. एक वर्ग व्रतस्थ खेळाडूंचा. तो रोज काही तास खेळतो, नवा खेळ आला की विकत घेतो, नवे यंत्र आले की जुने काढून टाकतो. दुसरा वर्ग फावल्या वेळच्या खेळाडूंचा. जेवणानंतर अर्धा तास, सुटीत दोन दिवस, पाहुणे आले तर त्यांच्यासोबत एखादा डाव, एवढीच त्याची मागणी असते. संख्येने हा दुसरा वर्ग कितीतरी मोठा आहे. म्हणून कंपन्यांना तो हवाहवासा वाटतो. आणि तो हाती आला असे वाटत असतानाच निसटतो, हे त्यांचे दुःख आहे.

या दुःखाचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण निन्टेंडोचे आहे. क्योटो शहरात १८८९ साली खेळण्याचे पत्ते बनवण्यापासून सुरुवात केलेल्या या कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये 'वी' नावाचे यंत्र बाजारात आणले. बटणांची गुंतागुंत टाळून हातातली दांडी फिरवली की पडद्यावर चेंडू टोलवला जातो, अशी त्याची सोपी रचना होती. आजी-आजोबांना ते जमू लागले. अमेरिकेतील वृद्धाश्रमांत त्यावर बोलिंगच्या स्पर्धा रंगल्या. या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेले. फावल्या वेळचा खेळाडू कायमचा जिंकला, असे त्या वेळी मानले गेले. पुढे २०१२ साली त्याच कंपनीने 'वी यू' हे नवे यंत्र आणले. ते जेमतेम एक कोटी पस्तीस लाख घरांत पोहोचले आणि २०१७ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले. दहा कोटींतले बहुसंख्य लोक गेले कोठे?

मायक्रोसॉफ्टचा अनुभव निराळा नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये तिने 'किनेक्ट' नावाचा कॅमेरा आणला. हातात काहीही न धरता, नुसत्या अंगविक्षेपांनी खेळता येईल असे त्याचे आकर्षण होते. पहिल्या ६० दिवसांत त्याचे ८० लाख नग खपले. २०१३ साली कंपनीने हा कॅमेरा आपल्या नव्या यंत्रासोबत घेणे सक्तीचे केले, २०१४ साली ती सक्ती मागे घेतली आणि २०१७ साली त्याचे उत्पादनच बंद केले. अशा घटनांतून कंपन्यांनी आणि त्यांच्या भाष्यकारांनी जो निष्कर्ष काढला तो ठरलेला आहे: फावल्या वेळचा खेळाडू चंचल असतो. नवलाईपुरता येतो, स्वस्त काही मिळाले की निघून जातो.

हा निष्कर्ष खरा आहे काय?

'वी'च्याच उदाहरणातील एक तपशील येथे लक्षात घेण्याजोगा आहे. बहुतेक देशांत त्या यंत्राच्या खोक्यातच 'वी स्पोर्ट्स' नावाचा खेळ दिलेला होता. टेनिस, बोलिंग, मुष्टियुद्ध, बेसबॉल, गोल्फ असे पाच खेळ त्यात होते. असंख्य कुटुंबांना तेवढे पुरले. ती वर्षानुवर्षे तेच खेळत राहिली. सहावा खेळ विकत घेण्याची गरज त्यांना भासली नाही. म्हणजे ही माणसे खेळ सोडून पळाली नव्हती. ती एका खेळात समाधानी होती. परंतु या धंद्याचे गणित समाधानावर चालत नाही. यंत्र शक्य तितक्या कमी नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकावयाचे आणि नंतर खेळामागून खेळ विकून तो भरून काढावयाचा, अशी त्याची घडण आहे. या व्यवस्थेत समाधानी माणूस हा वाईट ग्राहक ठरतो. व्यापाऱ्याच्या वहीत त्याच्या नावापुढे 'निष्ठा नाही' असा शेरा पडतो, तो याच अर्थाने.

आता नांदेड आणि लातूरकडे वळावे. निन्टेंडोने जपानमध्ये १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले होते. त्याच्या स्वस्त नकला पूर्व आशियातील कारखान्यांत तयार होऊन निरनिराळ्या नावांनी १९९० नंतर भारतभर पसरल्या. हैदराबाद, पुणे, मुंबई येथील बाजारांतून त्या मराठवाड्यातही आल्या. पिवळी किंवा काळी कॅसेट, तिच्या तोंडाशी फुंकर मारून ती खाचेत बसवण्याचा सर्वमान्य उपाय, 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा'. त्या पिढीला यातील काहीही समजावून सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते, त्यांच्यासाठी तासावर पैसे घेणारी दुकाने होती. उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतल्या एका घरी यंत्र असले की बाकीच्या घरांतली पोरे तेथे जमत. एक खेळे, दुसरा पाळीची वाट पाही, उरलेले सल्ला देत. खेळणारा एक आणि खेळात गुंतलेले दहा, असा तो हिशेब होता.

या मुलांनी तीच कॅसेट कित्येक वर्षे खेळली. जगात त्यानंतर यंत्रांच्या दोन-तीन पिढ्या उलटून गेल्या, तरी मराठवाड्यातील घरांत मारिओ त्याच नळीतून खाली उतरत होता. निष्ठा या शब्दाचा काही अर्थ असेल, तर ही निष्ठा नव्हती काय? पण मूळ कंपनीच्या हिशेबात या मुलांची नोंद नाही, कारण नकली यंत्राच्या विक्रीतला एक पैसाही तिला मिळालेला नव्हता. नकलेचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा एवढाच, की अस्सल वस्तू त्या घरांना परवडेल अशा किमतीत कोणी त्यांच्यापर्यंत आणलीच नव्हती, आणि जी वस्तू हाती आली तिला त्यांनी मनापासून धरून ठेवले.

दुसरे उदाहरण क्रिकेटचे. २००६ च्या अखेरीस, म्हणजे 'वी' बाजारात आली त्याच सुमारास, ईए स्पोर्ट्स या अमेरिकी कंपनीने 'क्रिकेट ०७' हा खेळ संगणकासाठी आणि सोनीच्या प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. भारतात त्याला अमाप लोकप्रियता लाभली. गावोगावच्या सायबर कॅफेत, महाविद्यालयीन वसतिगृहांत, मित्राच्या घरच्या संगणकावर तो खेळला गेला. परंतु कंपनीने त्या मालिकेतला पुढचा खेळ काढलाच नाही. फुटबॉलचा खेळ ती दरसाल नव्याने काढत राहिली; क्रिकेटकडे मात्र तिने पाठ फिरवली. खेळणाऱ्यांनी काय केले? त्यांनी तो खेळ सोडला नाही. संघांची नावे, खेळाडूंची यादी, गणवेशांचे रंग हे सर्व हौशी तरुणांनी स्वतः बदलून अद्ययावत केले आणि एकमेकांना वाटले. दहा-पंधरा वर्षे हा उद्योग चालू राहिला. कंपनीने टाकून दिलेले पोर गल्लीने वाढवावे, तसा हा प्रकार होता. या संबंधात चंचल कोण होते, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

तरीही कंपन्यांची यंत्रे फावल्या वेळच्या खेळाडूजवळ टिकत नाहीत, ही वस्तुस्थिती उरतेच. तिची कारणे माणसाच्या स्वभावात शोधण्याऐवजी त्याच्या राहणीत शोधली पाहिजेत. पहिले कारण उघड आहे आणि ते किमतीचे आहे. प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आले, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. मोठ्या कंपन्यांच्या एकेका नव्या खेळाची किंमत पाच हजार रुपयांच्या घरात होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामावरील मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे यंत्राची किंमत २१० दिवसांच्या मजुरीइतकी झाली. आणि त्या कायद्याने तेव्हा हमी दिली होती ती वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाची. मजुराने प्लेस्टेशन घ्यावे असे कोणी म्हणत नाही, असा आक्षेप यावर येईल. पण किनवटचा शिक्षक, उदगीरचा छोटा दुकानदार, नांदेडचा लिपिक यांच्या घरखर्चातही ही रक्कम सहज बसत नाही. जो रोज चार तास खेळतो, त्याला ही किंमत तासागणिक स्वस्त पडते. जो आठवड्यातून दोन तास खेळतो, त्याला ती अवाच्या सवा पडते. फावल्या वेळचा खेळाडू हिशेबी आहे. त्याला चंचल म्हणणे हा हिशेबाचाच अपमान आहे.

दुसरे कारण जागेचे. बारावी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीचे केंद्र म्हणून लातूरचा लौकिक 'लातूर पॅटर्न' या नावाने महाराष्ट्रभर झाला. नांदेडनेही त्याच मार्गाने शिकवणी वर्गांची मोठी वसाहत उभी केली. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव येथून आलेली हजारो मुले-मुली या दोन शहरांत दोन-दोन वर्षे रूम करून राहतात. एका खोलीत तीन-चार जण, मेसचा डबा, भिंतीवर रासायनिक सूत्रांचे कागद, पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्ग आणि अभ्यासिका. त्या खोलीत दूरचित्रवाणी संच नसतो. असला तर घरमालकाच्या दिवाणखान्यात असतो. कन्सोलची सर्व कल्पनाच मुळी एका विशिष्ट घरावर आधारलेली आहे: स्वतंत्र बैठकीची खोली, तेथे मोठा पडदा, त्यासमोर कोच आणि ज्याच्यावर कोणाचा डोळा नाही असा निवांत वेळ. हे घर टोकियोच्या किंवा सिॲटलच्या आराखड्यात गृहीत धरलेले असते. भाग्यनगरातल्या किंवा लातूरच्या ट्यूशन भागातल्या खोलीत ते नसते. दोन वर्षांनी ज्याला गादी गुंडाळून दुसऱ्या शहरात जावयाचे आहे, तो भिंतीला जोडलेल्या यंत्राशी निष्ठा ठेवणार तरी कशी?

तिसरे कारण विजेचे आणि वेळेचे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला होता आणि मराठवाड्यातील गावांनी दिवसाचे कित्येक तास अंधारात काढले होते. कन्सोलला बॅटरी नसते. डाव रंगात आला असताना वीज गेली की सर्व कमाई पाण्यात. पुढे विजेची स्थिती पुष्कळ सुधारली; पण तोवर खेळांचेच स्वरूप बदलले. आता खेळ सुरू करण्यापूर्वी यंत्र स्वतःची दुरुस्ती मागते, खेळ स्वतःचे नवे भाग मागतो आणि ते सर्व इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचे, तर त्याला कित्येक तास लागू शकतात. ज्याच्याजवळ वीसच मिनिटे आहेत, त्याची वीस मिनिटे ही तयारी पाहण्यातच संपतात. रोज खेळणाऱ्याला हा त्रास जाणवत नाही, कारण त्याचे यंत्र नेहमी तयार असते. महिन्यातून दोनदा खेळणाऱ्यालाच तो प्रत्येक वेळी भोगावा लागतो. ज्याला आकर्षित करावयाचे, त्याच्याच वाटेत सर्वात उंच उंबरा उभारावयाचा, असा हा उफराटा न्याय आहे.

अशा परिस्थितीत सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने मोफत इंटरनेट घेऊन बाजारात प्रवेश केला आणि थोड्याच काळात मोबाईलवरील इंटरनेट देशभर स्वस्त झाले. २०१८ साली 'पबजी मोबाईल' आला. रूमवरच्या मुलांना वेगळे यंत्र घ्यावे लागले नाही. जो फोन घरी बोलण्यासाठी आणि वर्गाच्या सूचना वाचण्यासाठी होता, तोच खेळाचे साधन झाला. त्याला स्वतःची बॅटरी होती, तो खिशात मावत होता आणि खेळ फुकट होता. सर्वात महत्त्वाचे म्हणजे चार मित्र चार गावांतून एकाच डावात उतरू शकत होते. उन्हाळ्याच्या सुटीत एका घरी जमणारी गल्ली येथे पुन्हा जमली.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. त्यानंतर जे घडले ते निष्ठेच्या अभ्यासकांनी नीट पाहावयास हवे होते. रडारड झाली, विनोद झाले आणि पुष्कळ खेळाडूंचे घोळके 'फ्री फायर'कडे किंवा तशाच अन्य खेळांकडे वळले. जुलै २०२१ मध्ये पबजीच भारतीय नाव धारण करून परतला, तेव्हा अनेक जण पुन्हा तिकडे गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, जुलै २०२२ मध्ये पबजीचा नवा अवतारही दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये तो पुन्हा अवतरला. या सर्व उलथापालथीत खेळाचे नाव बदलत गेले, कंपनी बदलत गेली. टोळी मात्र तीच राहिली. जिकडे मित्र, तिकडे खेळाडू. फावल्या वेळचा माणूस सोबतीसाठी खेळतो. त्याची निष्ठा सोबत्यांशी असते. यंत्र हे त्या सोबतीचे वाहन आहे. बैलगाडी गेली, एसटी आली, म्हणून कोणी जत्रेला जाणाऱ्यावर बेइमानीचा आरोप करीत नाही.

कन्सोल कंपन्यांना ही गोष्ट उमगत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. निन्टेंडोने २०१७ साली 'स्विच' हे यंत्र काढले, ते बॅटरीवर चालते, हातात घेऊन फिरवता येते आणि त्याच्या दोन बाजूंच्या मुठी सोडवून दोघांना लगेच एकत्र खेळता येते. त्याचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. त्यावर सर्वाधिक खपलेला 'मारिओ कार्ट' हा खेळ मुळात २०१४ साली अपयशी 'वी यू'साठी निघालेला होता. तोच थोड्या फेरफाराने पुन्हा आला आणि वर्षानुवर्षे खपत राहिला. लोकांनी जुना खेळ नाकारला नव्हता. त्यांच्या राहणीत बसेल अशा यंत्रावर तो मिळताच त्यांनी तो उचलून धरला. कंपन्यांच्या तक्रारीला त्यांच्याच इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची खोडही याच उद्योगात आहे. वाटून खेळणे हा फावल्या वेळच्या खेळाचा प्राण आहे. तबकडी मित्राला द्यावयाची, त्याची आपण आणावयाची, संपलेला खेळ निम्म्या किमतीत विकून दुसरा घ्यावयाचा, या देवघेवीवरच मध्यमवर्गीय भारतीय खेळाडूचे चालत आले. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या यंत्रावर अशा देवघेवीला बंधने घालण्याचा आणि यंत्राने दिवसातून एकदा तरी इंटरनेटवर हजेरी लावलीच पाहिजे असा नियम करण्याचा बेत जाहीर केला. जगभर ओरड झाली आणि काही आठवड्यांतच तो मागे घ्यावा लागला. पण जे नियमाने साधले नाही ते काळाच्या ओघात साधत आहे. तबकडीची खाच नसलेली यंत्रे आता सर्रास विकली जातात. त्यांच्यावरचा खेळ उसना देता येत नाही आणि विकताही येत नाही. दुकान बंद झाले की पुढे काय, हाही प्रश्न आहेच. 'वी'चे इंटरनेटवरील दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. 'वी यू'ची इंटरनेटवरून एकत्र खेळण्याची सोय एप्रिल २०२४ मध्ये संपली. ज्याने कंपनीवर विश्वास ठेवून पैसे मोजले, त्याला कंपनीने दिलेली मुदत ही अशी. निष्ठा ही दोन्ही बाजूंनी पाळावयाची गोष्ट आहे, हा साधा व्यवहार येथे विसरला गेला आहे.

येथवरचे विवेचन कंपन्यांच्या नफ्यातोट्यापुरते असते, तर मराठवाड्याने त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. क्योटोच्या भागधारकांना लाभांश कमी मिळाला म्हणून गोदावरीकाठी कोणाचा चुलीवरचा तवा उतरत नाही. चिंतेचे कारण वेगळे आहे. निष्ठा मिळत नाही असे दिसताच या उद्योगाने तिच्यापेक्षा स्वस्त आणि हमखास वस्तू शोधून काढली. तिचे नाव सवय. निष्ठा मनुष्य विचारपूर्वक देतो आणि विचारपूर्वक काढूनही घेतो. सवय त्याच्या नकळत लावता येते. रोज हजर राहिल्यास बक्षीस, एक दिवस चुकल्यास साखळी तुटण्याची भीती, आत काय निघेल हे ठाऊक नसलेली पैसे देऊन उघडण्याची पेटी, अशा युक्त्या मोबाईलच्या खेळांत मुरल्या आणि तेथून कन्सोलवरच्या मोठ्या खेळांतही शिरल्या. बेल्जियमने २०१८ साली अशा काही पेट्या जुगाराच्या कायद्याखाली येतात असे ठरवले आणि त्यानंतर तेथे ईए कंपनीला आपल्या फुटबॉलच्या खेळातील ही विक्री थांबवावी लागली. भारतात या वाटेचे टोक पैसे लावून खेळावयाच्या रमीपर्यंत आणि क्रिकेटच्या आभासी संघांपर्यंत गेले. नामवंत खेळाडू आणि नट त्यांची जाहिरात करीत. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाईन खेळांना मनाई केली. कायदा झाला हे योग्यच. परंतु फुकट म्हणून हाती आलेला खेळ खिशापर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घेतल्यावाचून केवळ बंदीने हा प्रश्न सुटणार नाही.

ज्याच्या जवळ फावला वेळ थोडा, त्याचाच तो वेळ सर्वात सहज लुबाडला जातो. रूमवरच्या सतरा वर्षांच्या मुलाला दिवसात अर्धा तास मोकळा मिळतो. पालकांनी शेत गहाण टाकून किंवा सोने मोडून त्याची फी भरलेली असते, म्हणून तो अर्धा तासही त्याला अपराधासारखा वाटतो. तो उघडपणे मैदानावर जात नाही. अंथरुणात फोन तोंडाशी धरून खेळतो. अशा चोरट्या वेळावरच सवयीचा व्यापार पोसला जातो. मुलाला खेळाचा दोष देणारा समाज त्याला खेळावयास राजरोस वेळ आणि जागा देतो काय, हा प्रश्न त्या कंपन्यांना विचारण्याआधी नांदेड-लातूरने स्वतःला विचारला पाहिजे. शेकडो विद्यार्थ्यांच्या इमारती उभ्या राहतात, त्यांच्या आवारात व्हॉलीबॉलची जाळी बांधण्याइतकीही मोकळी जागा राखलेली नसते. अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात. तास-दोन तास कॅरम, बुद्धिबळ किंवा पडद्यावरचा एखादा डाव चारचौघांत खेळता येईल असे सार्वजनिक ठिकाण मात्र सापडत नाही.

ग्रंथालय ही कल्पना मराठवाड्याला परकी नाही. निजामी राजवटीत मराठीची गळचेपी होत असताना येथल्या वाचनालयांनीच भाषा आणि स्वातंत्र्याची आस जिवंत ठेवली. एक पुस्तक विकत घेऊन शंभरांनी वाचावे, हे त्या संस्थांचे तत्त्व होते. त्याने ग्रंथव्यवहार बुडाला नाही, उलट वाचक घडले. खेळयंत्राच्या बाबतीत हेच तत्त्व का लागू होऊ नये? महापालिकेच्या वाचनालयात एक खोली, तेथे दोन यंत्रे, वेळेची मर्यादा आणि सोबतीला कॅरमचे चार पट, याला येणारा खर्च एखाद्या उद्घाटन समारंभाच्या मांडवाहून अधिक नाही. कंपन्यांनाही त्यात आपले हित शोधता येईल. मात्र त्यासाठी यंत्र विकत घेणारा आणि यंत्रावर खेळणारा यांतील फरक त्यांना मान्य करावा लागेल. जुना खेळ नव्या यंत्रावर चालू द्यावा, तबकडी उसनी देता यावी, इंटरनेट नसताना खेळता यावे आणि एकाच पडद्यासमोर दोघांना बसता यावे, एवढ्या चार गोष्टी त्यांनी पाळल्या तर फावल्या वेळचा खेळाडू दूर जाणार नाही. सोनीने २००९ साली प्लेस्टेशन २ साठी 'देसी अड्डा' नावाने कबड्डी, विटीदांडू यांसारख्या खेळांचा एक संच भारतात काढून पाहिला होता. त्या धर्तीवर सातत्याने काम झाले असते, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. येथल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलण्याचा तसा कंटाळाच या उद्योगाने केला. मराठी बोलणारा कन्सोलवरचा खेळ आजही दुर्मिळच आहे.

निष्ठेचा प्रश्न अखेर येथे येऊन ठेपतो. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, असे परंपरा मानते. ती गोष्ट इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तो पट शतकानुशतके घराघरांत अंथरला गेला हे निश्चित. इंग्रजांनी तो विलायतेला नेला आणि त्यातले पापपुण्य हळूहळू गळून सापशिडी तेवढी उरली. पचिसीचेही तसेच झाले. तिचा लुडो झाला, आणि २०२० च्या टाळेबंदीत तोच लुडो मोबाईलवर येऊन दुरावलेल्या कुटुंबांना एकत्र बसवून गेला. या खेळांना कोणी मालक नव्हता, म्हणून त्यांना कोणाची निष्ठा मागावी लागली नाही. फाटलेला पट कापडाच्या तुकड्यावर पुन्हा काढता येत होता, हरवलेल्या सोंगटीच्या जागी चिंचोका चालत होता आणि पाहुणा आला तर त्याच्यासाठी सरकून जागा करता येत होती. ज्या खेळात माणसाला अशी जागा मिळते, त्या खेळाकडे तो परत येतो. ज्या यंत्रासमोर त्याला प्रत्येक वेळी पाकीट काढून उभे राहावे लागते, तेथून तो आज ना उद्या उठून जाणारच. त्याला बेइमान म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.